अंगणातले दोन रात्रींचे बिऱ्हाड
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या अंगणात दोन रात्री तंबू का लागला होता, असे गल्लीतल्या पुष्कळजणींनी मला विचारले होते. कोणी म्हणाले घराला रंग काढला असेल, कोणी म्हणाले पाहुणे फार झाले असतील. चिटणीसबाई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगून टाका. मला भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांनी आणि धाकट्या भावजींनी मिळून मोटारीमागे जोडायची एक दोन चाकांची गाडी घेतली. तिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आमची मुले नुसते 'पेटी' म्हणतात, कारण बंद असली की ती पेटीच दिसते. झाकण उघडले की आतून तंबू उभा राहतो, वर चौघांना निजायला जागा होते. मागच्या बाजूने एक कप्पा ओढून काढायचा, त्यात दोन बर्नरची शेगडी. खाली पाण्याची टाकी. आपल्या सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण काढले, त्यात अशा गाड्यांचाही विचार केलेला आहे. तिला आर.टी.ओ.चा वेगळा नंबर घ्यावा लागतो आणि चालू असताना आत कोणी बसायचे नसते.

दिवाळी झाली की चार दिवस चिखलदऱ्याला जायचे ठरले. आम्ही दोघे, दोन मुले आणि भावजी. सासूबाईंना एकोणऐंशीवे वर्ष लागलेले, गुडघे दुखतात, म्हणून त्यांना दोन दिवस नणंदेकडे ठेवायचे आणि मग पुढचे पाहायचे. हे आम्ही ठरवले. त्यांना विचारले नाही, हे मी इथे कबूल करते.

मी ह्यांना म्हटले, नवा कुकर आपण पाहुणे पानावर बसल्यावर पहिल्यांदा लावत नाही. आधी घरी दोन रात्री त्या पेटीत राहून पाहू. हे हसले. घर समोर असताना अंगणात निजायचे! पण मी हट्ट सोडला नाही, आणि नियमही घातला की घरात जाऊन काही आणायचे नाही. जे पेटीत नाही ते नाहीच. घरात फक्त सासूबाई राहतील.

पहिली फजिती गल्लीतच झाली. मागे जोडलेली गाडी उलटी न्यायची तर चाक उजवीकडे फिरवले की ती डावीकडे जाते. हे आणि भावजी, दोघेही शिकलेले, अर्धा तास घामाघूम झाले. निम्मी गल्ली गोळा झाली. शेवटी मोटारीपासून सोडवून चौघांनी हातांनी ढकलली तेव्हा ती फाटकातून आत आली. मग तंबू. छापील कागद वाचत दोन तास लागले आणि एक नळी उरलीच.

तेवढ्यात मुले मागच्या बाजूने चढली. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "अरे उतरा! उलाळ होते गाडी!" कोणाला शब्दच कळला नाही. पेटीचे तोंड वर उचलले, मागची कड धाडकन जमिनीवर आली आणि आमच्या धाकट्याची नडगी सोलून निघाली. थोडक्यात निभावले. सासूबाई भिंतीला धरून ओटा उतरल्या. "मांगून टेकू लावल्याबिगर कोणी चढते काय?" म्हणाल्या. खरोखर पेटीला मागे दोन लोखंडी पाय होते. ते खाली सोडायचेच राहिले होते.

त्यांचे माहेर पारशिवनीकडचे. लहानपणी त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला रामटेकला बंडीने जात आणि बंडीखालीच मुक्काम करीत. त्यांनी सांगितले, ओझे मागे गेले तर बंडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार झाले तर मान दबते. भावजींनी कागद उलटून पाहिला. तिथे हेच लिहिले होते: एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या आकड्यावर यावा, नाहीतर वेगात मागची गाडी शेपटासारखी झुलते. आम्ही तर पाण्याचे कॅन आणि धान्याचा डबा सगळे मागे भरले होते.

संध्याकाळी स्वयंपाकाला बसले तेव्हा लायटर नाही, सांडशी नाही, चाळणी नाही. सांबार होता पण विळी नव्हती. पाच माणसांचा पिठलं-भात आणि भांडी एवढ्यात टाकी रिकामी. शेजारच्या सिंधी अम्मा भिंतीवरून पाहत होत्या. त्यांनी कोकी पाठवली, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी. प्रवासात ती टिकते, हे आपल्या जरीपटक्यात कोणाला सांगायला नको. मग त्या स्वतः आल्या. फाळणीनंतर सिंधमधून आल्या तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या होत्या आणि घर मिळेपर्यंत तंबूत राहिल्या होत्या. हौसेने तंबूत निजणारी माणसे आज पहिल्यांदा पाहिली, असे म्हणून हसल्या, पण कापडाला बराच वेळ हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या वेळचे सुती दोर पावसात आखडत, म्हणून वडील रात्री उठून ते सैल करीत. आमचे दोर नायलॉनचे. ते उलटे दवाने सैल पडले, सकाळी तंबूला झोळ आला होता.

भावजी म्हणत होते, चिखलदऱ्याला थंडी असते, तंबूत कोळशाची शेगडी ठेवू. अम्मांनी कानाला हात लावले. त्यांचे बरोबर होते. बंद जागेत निखाऱ्याचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, निजलेला माणूस उठत नाही. गॅसची शेगडीही आत नको. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, गळला तर खाली साचतो. हे आम्ही तिथेच नक्की केले.

रात्री सगळ्या खिडक्या बंद करून निजलो. दोनच्या सुमारास तोंडावर पाण्याचे थेंब. पाऊस नव्हता, आमच्याच श्वासाची वाफ कापडावर धरली होती. खिडकी उघडायला उठले तर ओट्यावर दिवा. सासूबाई शाल घेऊन बसलेल्या.

"झोप नाही काय?" मी विचारले.

"तुमी सारे बाहीर, मी एकली घरात," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मले एकडाव चढून तं पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी त्या चढल्या. शिडीला तीनच पायऱ्या, पण दुसरीवर हात थरथरू लागले, आम्ही धरून खाली बसवले. "राहू द्या," म्हणाल्या आणि तोंड फिरवले. मला फार वाईट वाटले. हे घरी पाहिले म्हणून ठीक. तिथे परमुलखात झाले असते तर? आणि न पाहताच मागे ठेवून गेलो असतो तर तेही काही बरे नव्हते.

भावजींनी पेटीला जोडायचे पुढचे छप्पर लावले, बाजूचे पडदे सोडले आणि खाली आमची जुनी बाज टाकली. घडीची कमोडची खुर्ची आणली. चारचौघांत त्या ती वापरीनात, तेव्हा माझे जुने लुगडे आडवे बांधले. रात्री मी त्यांच्याजवळ निजले. सकाळी म्हणाल्या, थंडी वरून नाही, बाजेखालून लागते, खाली तरट घाला. रामटेकला त्या तणीस अंथरत असत.

त्याच सकाळी मीही माझे बोलून घेतले. दोन दिवस मी शेगडीशी आणि बाकीचे खुर्च्यांवर, असे चालले होते. म्हटले, तिथेही असेच असेल तर माझा चिखलदरा इथेच झाला. हे काही बोलले नाहीत, पण उठून भांडी घासायला बसले. ठरले की एकवेळ स्वयंपाक, भांडी पुरुषांनी, पाणी मुलांनी.

चिखलदऱ्याचे फार सांगत नाही, ते तुम्ही पाहिलेलेच आहे. सामान सासूबाईंच्या देखरेखीखाली भरले. परतवाड्यापुढच्या घाटात पेटी सरळ आली. लागूनच मेळघाटचे वाघाचे जंगल, कुठेही बिऱ्हाड मांडता येत नाही, म्हणून आधी विचारून एका विश्रामस्थानाच्या आवारात जागा घेतली होती. तंबू पाऊण तासात उभा राहिला. बाजेखाली तरट होते. सासूबाई पहाटेपर्यंत स्वस्थ निजल्या, मीच थंडीने दोनदा उठले. आता त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला केव्हा नेता, असे त्या विचारतात.

ज्यांना पेटी पाहायची असेल त्यांनी रविवारी सकाळी अवश्य यावे. मात्र मागच्या बाजूने कोणी चढू नका, आधी टेकू लावते.