घर लहान झाले, काम कोणाचे?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘पसारा कमी करा, मोकळ्या व्हा’ असा सल्ला हल्ली सगळीकडून ऐकू येतो. त्याचे एक टोक म्हणजे घर सोडून छोट्या बोटीत कायमचे राहायला जाणे. इंग्लंडमधल्या कालव्यांवर आज हजारो माणसे अशी राहतात. त्यांत एकट्या बायकाही आहेत. लंडनसारख्या शहरातले घरभाडे परवडत नाही, हे एक कारण. आपल्या हक्काचे काहीतरी असावे, ही ओढ दुसरे. या ओढीची थट्टा करायचे कारण नाही. स्वतःच्या दाराची किल्ली बाईच्या हाती किती क्वचित येते, हे आपण जाणतो. पण एक प्रश्न विचारायलाच हवा. घर लहान झाले की बाईचे काम कमी होते का?

याचे उत्तर त्याच कालव्यांच्या इतिहासात आहे. तिथली मालवाहू नॅरोबोट सुमारे 70 फूट लांब आणि जेमतेम 7 फूट रुंद. आधी बरेच नावाडी कुटुंबाला काठावरच्या घरात ठेवून कामावर जात. 1830 नंतर रेल्वे पसरली, तिच्याशी स्पर्धा करताना मालवाहतुकीचे दर पडले आणि नावाड्यांची कमाई घटली. मग घरभाडे आणि मदतनिसाचा पगार वाचवण्यासाठी अनेकांनी बायकामुलांना बोटीवर आणले. बोटीतली बहुतेक जागा मालाला, संसाराला उरली मागची 8-10 फुटांची खोली. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच. बाळंतपणेही तिथेच झाली.

आता हिशेब पाहा. ती बाई सुकाणू धरायची, घोडा हाकायची, पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या लॉकची जड दारे पाठ लावून ढकलायची. वर चूल, धुणे, पोरे होतीच. मजुरी मात्र मालाच्या फेरीवर ठरायची आणि ती नवऱ्याच्या हातात पडायची. मदतनिसाचे काम होत राहिले, पगार तेवढा नाहीसा झाला. वाचलेला पैसा बाईच्या अंगातून निघाला. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल बहुधा नवराच घेतो. त्यामुळे हे गणित आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

1877 आणि 1884 साली ब्रिटिश संसदेने कालव्यावरच्या बोटींसाठी कायदे केले. एका बोटीत किती माणसांनी राहावे, स्वच्छता कशी असावी, मुलांच्या शाळेचे काय, हे त्यांत आले. बाईच्या मजुरीचा विषय आला नाही.

तो आला दुसऱ्या महायुद्धात. माणसे कमी पडली, तेव्हा बाहेरच्या तरुणींना शिकवून मालवाहू बोटींवर घेतले. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आयडब्ल्यू’ अशी अक्षरे होती, म्हणजे ‘इनलँड वॉटरवेज’. लोकांनी त्याचे ‘आयडल वीमेन’ केले, म्हणजे आळशी बायका! टनावारी कोळसा वाहणाऱ्या बायकांना हे नाव चिकटले. तरी त्यांना पगार मिळाला, तोही स्वतःच्या हातात. बोट तीच, दारे तीच. बायकोने केले तर संसार, नोकरी म्हणून केले तर काम!

आज मालवाहतूक जवळजवळ संपली आहे, बोट हेच घर झाले आहे. पाणी भरून आणायचे, शौचाची टाकी रिकामी करायची, शेगडीला कोळसा पुरवायचा. ही कामे घर लहान असल्याने कमी होत नाहीत, वाढतात. शिवाय 1995 च्या कायद्यानुसार ज्या बोटीला बांधायची स्वतःची जागा नाही, तिला एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. परिस्थिती पाहून वाजवी मुदतवाढ मिळू शकते, पण ती मागावी लागते. दिवस गेलेल्या बाईने, आजारी बाईने, शाळकरी मुलाच्या आईने आपली अडचण पटवून द्यायची. 2024 पासून अशा बोटींच्या परवान्यावर जादा आकारही बसला आहे. स्वस्त म्हणून निवडलेले घर महाग होत चालले आहे.

म्हणजे बोटीत राहूच नये का? तसे माझे म्हणणे नाही. स्वतःच्या कमाईची बोट, स्वतःच्या नावावर, इंजिन स्वतःला दुरुस्त करता येते, अशी बाई खरोखर मोकळी असू शकते. मात्र ‘आपण दोघे कमी सामानात राहू’ असे कोणी म्हटले, मग ती बोट असो, गाडी असो वा एक खोली, तर चार गोष्टी आधी विचाराव्यात. ते घर कोणाच्या नावावर? जुने घर विकून आलेला पैसा कोणाच्या खात्यात? रोजची कामे कोण कोणती करणार? आणि उद्या मला उतरायचे झाले, तर मी कुठे जाऊ?

चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिले घर सोडू नका. सामान कमी करायला हरकत नाही. भांडी द्या, कपाटे द्या, साड्या वाटून टाका. आपल्या नावाचा कागद तेवढा देऊ नका.