लाल शाई आणि एक विहीर



आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला एक विद्यार्थी होता. वीस किलोमीटरवरून एस.टी.ने येणारा, घरची कोरडवाहू शेती. 'घरातील एक प्रसंग' असा निबंधाला विषय दिला होता. त्याने विहीर खणल्याची हकिकत लिहिली, चांगली चार पाने. मी वही पुढ्यात घेतली आणि लाल शाईने खुणा करीत सुटलो. 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला, दहापैकी चार गुण दिले. वही नेटाने तपासल्याचे मला समाधानही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या महिन्यात त्याचा निबंध आला तो पाऊण पानाचा. 'पाणी हेच जीवन' अशा थाटाची दहा-बारा वाक्ये. चूक एकही नाही, पण वाचण्यासारखेही काही नाही. मी त्याला बोलावून विचारले, "अरे, मागच्या खेपेला एवढं लिहिलं होतंस, आता काय झालं?"

"सर, ज्या शब्दाची खात्री नाही, तो आता लिहीतच नाही."

मी जुनी वही परत मागून घेतली. खुणा मोजल्या, एकेचाळीस भरल्या. त्यांतल्या तेवीस एकाच चुकीच्या होत्या! 'विहीरीत', 'विहीरीला', 'जमीनीत', 'गरीबाला'. शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असले, तर प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होते. विहीर पण विहिरीत, जमीन पण जमिनीत. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत हे आहे. म्हणजे पोराला एक नियम ठाऊक नव्हता, आणि मी त्याला तेवीस वेळा चुकीचे ठरवले होते. एवढ्यावर भागले असते तरी बरे. त्याचे एक वाक्य होते, 'अठ्ठावीस फुटांवर कातळ लागला. त्या दिवशी बा जेवला नाही.' मी 'बा' खोडून 'वडील' केले होते, 'जेवला'चे 'जेवले' केले होते. बाप का जेवला नाही, हे मात्र विचारले नव्हते.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारतो, की या महिन्यात तुझ्या लिहिण्यातली कोणती एक गोष्ट तुला सुधारायची आहे? पहिले उत्तर ठरलेले असते, "शुद्धलेखन." ते ध्येय फार मोठे झाले. सगळे शेत एका दिवसात नांगरून होत नाही. मग आम्ही दोघे मिळून त्याचा एक वाफा ठरवतो आणि मुलगा तो स्वतःच्या शब्दांत वहीच्या माथ्यावर लिहितो. एका मुलीने लिहिले होते, 'मी निबंधाची सुरुवात अनन्यसाधारण महत्त्वाने करणार नाही.' असे ध्येय मला सुचले नसते!

तपासताना मी त्या ठरलेल्या गोष्टीपुरतीच खूण करतो. समासात पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहितो, आणि पहिल्या खर्ड्यावर गुण देत नाही. रूथ बटलर या संशोधिकेचा इस्रायलमधील शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता कामाविषयीचा अभिप्राय, काहींना दोन्ही. काम सुधारले आणि गोडी टिकली ती नुसता अभिप्राय मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेली मुले नुसत्या गुणवाल्यांसारखीच राहिली. आपल्याही वर्गात आकडा दिसला की वही मिटते, हे शिक्षकांना सांगायला नको.

शिक्षकबंधू म्हणतील, साठ-सत्तर वह्या, हे जमायचे कसे? सगळ्या एका दिवशी जमत नाहीत. मी रोज सहा-सात घेतो. शिवाय प्रत्येक चूक शोधायची नसल्यामुळे एका वहीला वेळ कमीच लागतो. मात्र त्याच निबंधाचा दुसरा खर्डा लिहून घ्यायला हवा, नाहीतर आपला प्रश्न समासातच राहतो. आणि पालकांनाही एक सांगावेसे वाटते. मार्क किती, हे विचारण्याआधी, "बाळ, काय लिहिलंस ते वाचून दाखव," असे म्हणा. त्याला आपल्याला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही.

त्या मुलाला मी नियम समजावला, तेव्हा त्याने लगेच विचारले, "मग सर, 'शरीरात' कसं चालतं?" संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून सुटतात, हे मग सांगावे लागले. नुसत्या लाल खुणांतून हा प्रश्न कधी निघाला नसता. 'बा' मी त्याला परत दिला आणि समासात लिहिले, 'त्या रात्री घरात काय बोलणं झालं?'

त्याने सबंध निबंध पुन्हा लिहून आणला. आता साडेपाच पाने होती. म्हैस विकून खणणे पुढे चालवायचे की थांबायचे, यावर आई-बापाचे रात्रभर चाललेले बोलणे त्यात होते. चुलीजवळ जागा राहून ते ऐकणारा तो स्वतःही होता. दोन ठिकाणी 'विहीरीत' तसेच राहिले होते. वही माझ्या टेबलावर ठेवता ठेवता त्याला ते दिसले. "थांबा सर," म्हणाला, आणि माझीच पेन्सिल उचलून त्याने दोन्ही दुरुस्त केले.