अहवालामागचा हिशेब

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा आढावा आपणांपुढे मांडतो. तो या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज मात्र एकाच विषयावर बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडून मागून घेतली आहे. तो विषय म्हणजे आपली रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा आणि तिच्या मानांकनासाठी हाती घेतलेले काम. विषय रूक्ष वाटेल. पण त्याचा आरंभ एका मुलाने विचारलेल्या प्रश्नातून झाला, म्हणून आम्हीही तेथूनच सुरुवात करतो.

आपल्या ग्रामीण संकलन केंद्रात एका वृद्ध गृहस्थांचे रक्त नेहमीच्या तपासणीसाठी सकाळी घेतले गेले. नमुना दुपारनंतर येथे पोहोचला. तपासणीत रक्तातील पोटॅशियम 6.4 आले. सर्वसाधारण प्रमाण 3.5 ते 5 च्या आसपास असते आणि ते इतके वाढले तर हृदयाची लय बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो. गृहस्थांना तातडीने बोलावून घेतले, रात्री दाखल केले. कर्तव्यावरील निवासी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष होता. रुग्णालाही काही त्रास जाणवत नव्हता. त्यांनी उपचार सुरू करण्यापूर्वी नवे रक्त घेऊन पुन्हा तपासणी करवली. आकडा आला 4.3. पहिल्या अहवालावर विसंबून पोटॅशियम उतरवणारे औषध दिले गेले असते, तर निरोगी प्रमाणाखाली ते घसरून नको ते घडू शकले असते.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचे चिरंजीव आमच्या कार्यालयात आले. रात्रभर बाकावर बसून काढलेली होती. ते रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, पहिला रिपोर्ट खोटा की दुसरा? आणि उद्या तिसरा आला, तर आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. बिलात चूक असती तर आम्ही पाच मिनिटांत पावती, रोजकीर्द आणि खतावणी काढून दाखवली असती. जीवाशी संबंधित आकड्याचा मात्र तसा माग आम्हांला दाखवता येईना.

चौकशीला चार दिवस लागले. त्या सकाळचे यंत्राचे कंट्रोल मर्यादेत होते. रिएजंट मुदतीतले होते. नळी अदलाबदल झाली नव्हती. दोष सापडला तो संकलन केंद्रात. तेथे सेंट्रीफ्यूज नव्हते. केंद्रातील कर्मचाऱ्याने, दूध नासू नये म्हणून आपण थंड ठेवतो त्याच समजुतीने, रक्ताची नळी बर्फाच्या पेटीत ठेवली होती. सीरम वेगळे न करता रक्त असे तासन्‌तास थंडीत राहिले, की पेशींच्या आवरणातील पोटॅशियम आत राखणारी क्रिया मंदावते आणि ते हळूहळू बाहेर झिरपते. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सीरम लालसर न होता स्वच्छच दिसते. यंत्राने जे मोजले ते अचूक मोजले होते. परंतु नळीतले रक्त आता त्या गृहस्थांच्या शरीरातल्या रक्तासारखे राहिले नव्हते. कर्मचाऱ्याने हयगय केली नव्हती. नमुना कसा हाताळावा हे आम्ही त्याला लेखी सांगितलेच नव्हते. दोष आमचा होता आणि तो या सभेपुढे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इटलीतील पादुआ येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील चुकांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 68 टक्के चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडल्याचे आढळले. प्रत्यक्ष तपासणीतील चुकांचा वाटा सुमारे 13 टक्के होता. नवे यंत्र घेतले म्हणजे अहवाल आपोआप अचूक होतो, हा आमचाही समज त्यामुळे गळून पडला.

आता मानांकन म्हणजे काय, ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे आम्हांला ते हिशेबाच्या भाषेतच उमगले. आपल्या न्यासाचे हिशेब दरवर्षी लेखापरीक्षक तपासतात आणि ते धर्मादाय कार्यालयाला सादर होतात. लेखापरीक्षक आमचा शब्द प्रमाण मानत नाहीत. ते ताळेबंदातील एक आकडा उचलतात आणि खतावणी, रोजकीर्द, व्हाउचर असे मागे मागे जात मूळ पावतीपर्यंत पोहोचतात. प्रयोगशाळेच्या मानांकनातही हेच घडते. बाहेरून आलेले, त्या विषयातील जाणकार परीक्षक एखादा जुना अहवाल उचलतात आणि विचारतात: रक्त कोणी घेतले, किती वाजता, कोणत्या नळीत? त्या दिवशीचे कंट्रोल कसे होते? रिएजंटचा लॉट कोणता? पिपेटचे कॅलिब्रेशन कोणत्या तराजूवर झाले? त्या तराजूची वजने कोणी तपासली? ही साखळी मागे जात जात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपलेल्या मापांपर्यंत पोहोचली पाहिजे. मध्ये एक जरी कडी तुटली, तरी पुढचा आकडा निराधार ठरतो. एवढ्यावर न थांबता परीक्षक तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहून त्याला प्रत्यक्ष तपासणी करायला लावतात. कार्यपद्धती ठरल्याप्रमाणे पाळली जाते, एवढे सांगणारी प्रमाणपत्रे वेगळी. ही विशिष्ट तपासणी ही माणसे सक्षमतेने करू शकतात, असे सांगणारे मानांकन वेगळे.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीची चाचणी विश्वासार्ह कशी ठरवावी, हा पेच ऑस्ट्रेलियापुढे पडला. त्यातून 1947 साली तेथे प्रयोगशाळांना मान्यता देणारी ‘नाटा’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत बेल्क व संडरमन या डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना त्यांनी एकसारखेच नमुने पाठवले होते आणि उत्तरे मात्र चिंता वाटावी इतकी वेगवेगळी आली होती. आपल्या देशात हे काम राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा प्रत्यायन मंडळ, म्हणजेच आपण ऐकतो ते ‘एनएबीएल’, करते. हे मंडळ आरंभी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या छत्राखाली होते, 2016 पासून ते भारतीय गुणवत्ता परिषदेचा घटक आहे. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ 15189. त्याची पहिली आवृत्ती 2003 साली आली आणि चौथी 2022 साली. 2020 मध्ये करोनाच्या साथीत खासगी प्रयोगशाळांना आरटी-पीसीआर तपासणीची परवानगी देताना एनएबीएल मानांकनाची अट घातली गेली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले.

विश्वस्त मंडळाने आमच्या विनंतीवरून मानांकनासाठी अर्ज करण्यास संमती दिली. परीक्षक आले, दोन दिवस राहिले, आणि जाताना त्रुटींची यादी देऊन गेले. ती यादी आपणांपासून झाकून ठेवावी असे आम्हांला वाटत नाही. रिएजंटच्या शीतकपाटाचे तापमान रोज नोंदवले जात होते, पण तापमापकाचेच कॅलिब्रेशन झालेले नव्हते. धोक्याचा निकाल आला की वॉर्डात दूरध्वनी केला जात होता, पण तो कोणी घेतला आणि आकडा परत वाचून दाखवला का, याची नोंद नव्हती. नवा रिएजंट लॉट सुरू करताना जुन्याशी ताडून पाहिल्याचे कागद काही ठिकाणी नव्हते. संकलन केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद अपुरी होती. वाचताना खाली मान घालावी लागली. पण यांतील प्रत्येक ओळीत त्या चिरंजीवांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा होता.

आणखी एक प्रसंग सांगणे अगत्याचे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून चालवल्या जाणाऱ्या बाह्य गुणवत्ता योजनेत आपली प्रयोगशाळा सहभागी आहे. तेथून अज्ञात मूल्याचे नमुने येतात, आपण ते तपासून उत्तर पाठवतो आणि देशभरच्या प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कोठे आहोत ते कळते. एका महिन्यात एका तपासणीचे उत्तर बरेच बाहेर गेले. तेव्हा कोणीतरी सुचवले, की यापुढे उत्तर पाठवण्याआधी शेजारच्या प्रयोगशाळेला विचारून घ्यावे. आमच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी तेथल्या तेथे नकार दिला. मानकानुसार तो नमुना रुग्णाच्या नमुन्यासारखाच हाताळायचा असतो आणि उत्तर देण्यापूर्वी इतरांशी बोलायचे नसते. आम्हांला आमची महाविद्यालयातील तेरीज आठवली. तेरीज जुळत नसली, की एखादा आकडा हळूच बदलून ती जुळवण्याचा मोह होतो. आणि जुळलेली तेरीजही बरोबरच असते असे नाही. भरपाईच्या चुका एकमेकींना झाकून टाकतात. रोजचे कंट्रोल ही आपली तेरीज आहे, तर बाहेरून येणारा नमुना हे लेखापरीक्षण. एकावर भागत नाही.

आता रुग्णांच्या आप्तजनांना दोन शब्द. मानांकन हे इमारतीला मिळत नाही, ते तपासणीगणिक मिळते. एखाद्या प्रयोगशाळेच्या दारावर बोधचिन्ह असले, तरी तिची प्रत्येक तपासणी त्या कक्षेत असेलच असे नाही. कोणत्या तपासण्या कक्षेत आहेत हे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि प्रयोगशाळेला विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. मानांकित प्रयोगशाळेतही चूक होऊ शकते. तेथे ती सापडण्याची आणि सुधारण्याची वाट मात्र आखलेली असते. म्हणून अहवाल आणि रुग्णाची अवस्था यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्या रात्री निवासी डॉक्टरांनी हाच मेळ तपासला होता.

देणगीदार बंधुभगिनींपुढे आमची एक नम्र विनंती आहे. यंत्राला देणगी मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. कंट्रोल सीरम, पिपेटचे कॅलिब्रेशन, बाह्य गुणवत्ता योजनेचे शुल्क, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांवर पाटी लावता येत नाही आणि हा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो. यंदा एका ज्येष्ठ देणगीदारांनी आणखी एक विश्लेषक यंत्र देऊ केले. आम्ही संकोचत त्यांना म्हटले, की यंत्र आहे ते पुरेसे आहे. त्या रकमेतून संकलन केंद्रांसाठी सेंट्रीफ्यूज आणि उरलेल्यातून कंट्रोलचा खर्च भागवू द्यावा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “पाटी कुठे लावाल?” आम्ही खरे तेच सांगितले, की कोठेच नाही. चार दिवसांनी धनादेश आला, सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते: “आपल्या म्हणण्याप्रमाणे खर्च करावा.” त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे घेत नाही. आज प्रत्येक संकलन केंद्रात सेंट्रीफ्यूज आहे आणि नमुना कसा ठेवावा याचा मराठीतील तक्ता भिंतीवर आहे.

धर्मादाय योजनेनुसार आपल्याकडे निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. परंतु रक्ताच्या नळीवर रुग्णाचा वर्ग लिहिलेला नसतो. प्रयोगशाळेवर केलेला खर्च सर्वांना सारखाच लागू पडतो, हे आपण ध्यानी घ्यावे.

शेवटी वस्तुस्थिती सांगतो. हे बोलत असताना मानांकन आपल्या पदरात पडलेले नाही. त्रुटींची उत्तरे पुराव्यांसह मंडळाकडे सादर केली आहेत, निर्णय व्हायचा आहे. प्रवेशद्वारावर ‘मानांकनाच्या वाटेवर’ असा फलक लावावा, अशी प्रेमळ सूचना आली होती; ती आम्ही स्वीकारली नाही. निर्णय येईपर्यंत आपल्या एकाही अहवालावर ते चिन्ह छापले जाणार नाही.

त्या चिरंजीवांना मात्र आम्ही पुन्हा भेटलो. त्यांना नळीपासून आकड्यापर्यंतचा सारा माग कागदावर दाखवला आणि कोठे चुकले ते सांगून क्षमा मागितली. त्यांनी कागद शांतपणे वाचले. वडिलांची पुढची तपासणी त्यांनी आपल्याच केंद्रात करवली. रक्त काढल्यावर ते सेंट्रीफ्यूज फिरायचे थांबेपर्यंत तेथेच उभे होते, असे केंद्रातील कर्मचाऱ्याने आम्हांस कळवले. आम्हांला त्यात अविश्वास दिसला नाही. असेच पाहणारे डोळे या संस्थेला लाभोत, एवढीच प्रार्थना.