कडेवरचें मूल



खेड्यांतील गरिबाची मुलगी शाळेंत कां येत नाहीं, या प्रश्नाला शहरांतल्या घरांतून एक ठरावीक उत्तर मिळतें. आईबापांना शिक्षणाचें महत्त्व कळत नाहीं, असें म्हटलें कीं विषय संपतो. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. आळशी मात्र खास आहे. मजुराच्या घरांत आठ-नऊ वर्षांची मुलगी ही अर्धी आई असते. आई लावणीला, गवत कापायला किंवा मोळी विकायला बाहेर पडली, कीं तान्हें मूल तिच्या कडेवर येतें. तें उतरवून ठेवण्यास जागा नसेल, तर पाटी धरावयाला तिचा हात मोकळा कसा व्हावा?

ही साधी गोष्ट ओळखून तिच्यावर उपाय करणाऱ्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचीं नांवें प्रथम घ्यावीं लागतात. ताराबाईंनीं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम केलें होतें. पण तें शहराचें शिक्षण. तें खेड्यांत, विशेषतः गरिबांत, कसें न्यावें या विचारानें १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस काम सुरू केलें. समुद्रकांठचें हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. अनुताई तेथें त्यांना येऊन मिळाल्या. १९१० सालीं जन्म, तेराव्या वर्षीं लग्न, कांहीं महिन्यांतच वैधव्य आणि त्यानंतर शिकून शिक्षिका, असा अनुताईंचा पूर्वक्रम. शिक्षणानें बाईच्या आयुष्याला दुसरी वाट फुटते, हें त्यांना कोणीं पटवून द्यावें लागलें नव्हतें.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण गरीब वस्त्यांतील मुलें तेथें येईनात. तेव्हां शिक्षिकाच वस्तींत गेल्या. कोणाच्या तरी अंगणांत मुलें जमवावयाचीं, आधीं त्यांना न्हाऊमाखू घालावयाचें, मग गाणीं-गोष्टी. आणि शिकवण्याचें साहित्य म्हणजे शिंपले, खडे, पानें, बिया. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणांतून आला. पुढें १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हां तो देशभर गेला.

१९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यावर आलें. तेथील ‘विकासवाडी’ची रचना मुद्दाम पाहण्यासारखी होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत होतीं. मोठी बहीण कडेवर तान्हें आणि बोटाशीं चार वर्षांचा भाऊ घेऊन यावी. तान्हें पाळण्यांत, भाऊ बालवाडींत, आणि ती स्वतः वर्गांत. भावंडें हांकेच्या अंतरावर असल्यानें तिच्या जिवाला घोर नाहीं, आणि शेतावरच्या आईलाही नाहीं. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळाच कुरणांत नेली गेली. ‘मुलगी शाळेंत पाठवा’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तिच्या कडेवरचें मूल आपल्याकडे घेणारे थोडे. ताराबाई १९७३ सालीं गेल्या. त्यानंतरही अनुताईंनीं १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, हें काम चालविलें.

अशी मुलगी शिकली म्हणजे पुढें काय होतें? आज अंगणवाडी सेविकेला बारावीपर्यंतचें शिक्षण लागतें, आणि ती त्याच गांवची रहिवासी असावी लागते. २००५ पासून गांवोगांव आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीही गांवांतल्याच असतात. म्हणजे पाड्यावर चार इयत्ता अधिक शिकलेली मुलगी असली, तरच तें काम पाड्यांतल्या पाड्यांत राहतें. नाहीं तर पात्र उमेदवारच मिळत नाहीं. लहानपणीं जें काम तिनें फुकट केलें, त्यालाच शिक्षणामुळें नांव, नोंदवही आणि चार पैसे लाभतात. पैसे थोडेच, आणि त्यांना अजूनही वेतन न म्हणतां मानधन म्हणतात. ही कसर खटकणारी आहे.

आणि कोसबाडचा धडा सगळीकडे गिरविला गेला असेंही नाहीं. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु अंगणवाडींतील शिकवणें तीन वर्षांवरील मुलांसाठीं, तेंही दिवसांतले कांहीं तास; तान्ह्याची दिवसभर सोय होईल अशा जागा फार थोड्या. दिवाळी झाली कीं याच जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मुलांचें शिक्षण तुटूं नये म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय सरकारनें ठेविली आहे. पण थोरलीला गांवीं ठेवलें, तर भट्टीवर धाकट्याला कोण पाहणार, असें आई विचारते, आणि तिला उत्तर मिळत नाहीं. मग थोरलीही गाठोड्यांबरोबर ट्रकांत चढते. गांवच्या शाळेच्या पटावर तिचें नांव तसेंच असतें. ती मात्र भट्टीशेजारच्या खोपटांत, जुन्या लुगड्याच्या झोळीची दोरी ओढीत बसलेली असते.