मूल शाळेत, जबाबदारी गावाची

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



बालमजुरीवरील प्रश्न आला की आपली उत्तरे अनुच्छेद २४ पासून सुरू होतात आणि १९८६ च्या कायद्यापाशी थांबतात. त्यात चूक काही नाही. परंतु कायद्याच्या कलमातून मूल वर्गापर्यंत कसे पोहोचते, हे त्या उत्तरांत सहसा नसते. त्यासाठी आज मी एकाच स्वयंसेवी संस्थेचे उदाहरण घेणार आहे.

इतिहासकार व शिक्षणतज्ज्ञ मामिडिपुडी वेंकटरंगय्या यांच्या स्मरणार्थ १९८१ मध्ये हैदराबाद येथे एम. व्ही. फाउंडेशन हा न्यास स्थापन झाला. त्यांच्या नात प्रा. शांता सिन्हा यांच्या पुढाकाराने संस्थेने १९९१ च्या सुमारास रंगारेड्डी जिल्ह्यात (आज तेलंगणात) बालमजुरांसाठी काम हाती घेतले. त्या वेळी शासकीय धोरणाचा भर धोकादायक उद्योगांतील मुलांवर होता. शेतात राबणारी, गुरे राखणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी त्यात बसतच नव्हती. संस्थेने व्याख्याच बदलली : जे मूल पूर्णवेळ शाळेत नाही, ते बालमजूर. या एका वाक्याने घरकामात गुंतलेली मुलगी प्रथमच हिशेबात आली.

रात्रशाळेचा मार्ग संस्थेने नाकारला. दिवसभर राबलेल्या मुलाला रात्री अक्षरे शिकवणे म्हणजे त्याच्या मजुरीला मान्यता देणेच होय. त्याऐवजी निवासी सेतुवर्ग सुरू झाले. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवले तर ते लाजेने पळून जाईल. म्हणून काही महिने शिबिरात तयारी करून घ्यायची आणि वयाला साजेशा इयत्तेत, सरकारी शाळेतच, दाखल करायचे. स्वतःची समांतर शाळा काढायची नाही, हा यातील सर्वांत कठीण निर्णय. स्वतःची इमारत दाखवता येते. दुसऱ्याच्या शाळेतील हजेरी दाखवणे अवघड असते, आणि देणगीदारांनाही इमारतच आवडते!

खरे काम मात्र गावात होते. पालक, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि मुलांना कामावर ठेवणारे मालकही एकत्र बसू लागले. बालहक्क संरक्षण मंच उभे राहिले. 'गरिबीमुळे मूल कामाला जाते' हे गृहीतक तेथे तपासले गेले. मुले बाजूला झाली की मोठ्यांच्या श्रमाला मागणी येते, असा संस्थेचा अनुभव आहे. गरिबी हे कारण नाही असे मी म्हणणार नाही. पण गावाने काय चालवून घ्यायचे, हेही कारणच आहे.

प्रा. सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप प्रवेशाची आणि विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. सेतुवर्गामागील विचार तेथे कायद्याच्या भाषेत भेटतो. परीक्षेत या कलमाचा उल्लेख करताना त्यामागचे गावही आठवावे.

आता अडचणीची बाजू. २००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले सुमारे १ कोटी २६ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १ कोटी १ लाख झाली. सर्व प्रकारची बालमजुरी २०२५ पर्यंत संपवण्याचे शाश्वत विकासाचे उद्दिष्ट जगाला गाठता आले नाही. आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामास मनाई केली, मात्र शाळेची वेळ सोडून व सुटीत कुटुंबाच्या बिगरधोकादायक उद्योगात मदत करण्यास मुभा ठेवली. संकरित कापूस बियाण्याच्या शेतात फुलातील पुंकेसर काढून हाताने परागीभवन करण्यासाठी लहान मुलींनाच बोलावले जाते. शेत बापाचे असेल, तर ती मदत की मजुरी? निरीक्षक तेथे वर्षातून एकदाही पोहोचेल याची खात्री नाही. शाळेचा हजेरीपट मात्र गावातच असतो, आणि हंगामात तो उघडून पाहणारी माणसेही गावातलीच असावी लागतात.