तंबू कीं झुलती झोळी?



शिकारीची गोष्ट निघाली, कीं ऐकणाऱ्याचें लक्ष बंदुकीकडे आणि जनावराकडे जातें. शिकाऱ्यानें रात्रीं कोठें निजावयाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक रात्रभर कुडकुडलेल्या माणसाचा नेम तर चुकतोच, परंतु वाटही चुकते. आणि ओसाड रानांत वाट चुकणें म्हणजे जिवाशीं गांठ. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र, विशेषत: रॉकी पर्वताच्या रांगांत, परवाना काढून एल्क नांवाच्या मोठ्या हरणाची शिकार आजही दरसाल होते. तेथील शिकाऱ्यांत एक वाद नित्याचा आहे : मुक्कामासाठीं तंबू न्यावा, कीं दोन झाडांना बांधावयाची झोळी न्यावी?

वादाचें मूळ ओझ्यांत आहे. १९६४ सालच्या कायद्यानें राखून ठेवलेल्या वन्य मुलुखांत मोटारच काय, साधी सायकलही नेतां येत नाहीं. सामान घोड्यावर लादावें, नाहीं तर स्वत:च्या पाठीवर. त्यांतून एल्कचा पूर्ण वाढलेला नर सुमारें ३०० किलो वजनाचा. शिकार साधल्यावर त्याचें मांस अनेक खेपा करून डोंगराखालीं आणावें लागतें. म्हणूनच प्रत्येक शेराचा हिशेब करणारा शिकारी झोळीकडे वळतो.

झोळीचें कुळ उष्ण प्रदेशांतलें. ‘हॅमॉक’ हा शब्दच मुळीं कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांचा. १४९२ मध्यें कोलंबसानें तेथील लोक अशा झोळ्यांत निजतांना पाहिले, आणि १५९७ मध्यें इंग्लंडच्या आरमारानें खलाशांसाठीं ती पत्करली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें मच्छरदाणी व छत जोडलेली जंगली झोळी वापरली. ओली जमीन, मुंग्या, विंचू, साप या सर्वांपासून निजणारा वर राहतो, हा तिचा मोठा गुण. आढ्याला लुगड्याची झोळी बांधून मूल निजविणाऱ्या मराठी घराला हें सुख समजावून सांगावयास नकोच.

झोळी बांधण्याचेंही एक तंत्र आहे. बारा ते पंधरा फूट अंतरावरचीं दोन जिवंत झाडें निवडावीं. साल कापली जाऊं नये म्हणून दोरीऐवजीं रुंद पट्टे वापरावे. पट्टे ताणून न बांधतां जमिनीशीं तीस अंशांचा कोन होईल इतके सैल ठेवावे, आणि झोळींत सरळ न निजतां तिरपें निजावें, म्हणजे पाठीला बांक येत नाहीं.

एवढ्या गुणांवर पाणी पाडणारी गोष्ट म्हणजे थंडी. निजण्याच्या पिशवींतील पिसें ऊब धरतात तीं फुगलेलीं असतांना. अंगाच्या भारानें दबलीं, कीं त्यांचा उपयोग सरतो. तंबूंत खालची जाड गादी ही उणीव भरून काढते. झोळीखालून मात्र वारा वाहतो, आणि पाठ गारठते. त्यावर उपाय म्हणून एक रजई झोळीच्या खालून, बाहेरच्या बाजूनें टांगतात. ही रजई, पट्टे आणि वरचें मेणकापड यांचें वजन धरलें, कीं हलकेपणाचा पुष्कळसा फायदा उडून जातो.

दुसरी अडचण झाडांची. कोलोराडोंत सुमारें ११,५०० फुटांवर वृक्षांची सीमा संपते. त्यापुढें झोळी बांधावी कशाला? शिवाय १९९० नंतरच्या दशकांत सालीखालीं पोखरणाऱ्या किड्यांनीं रॉकी पर्वतांतील पाइनचीं विस्तीर्ण रानें मारलीं. असें वठलेलें झाड वाऱ्यानें केव्हांही कोसळतें. तंबूलाही तें भय आहेच. पण वठलेल्या झाडाला झोळी बांधणारा तें आपल्या हातानें अंगावर ओढून घेतो.

तंबूचेही दोष आहेत. त्याला सपाट, कोरडी जागा लागते. ती बहुधा दरीच्या तळाशीं सांपडते, आणि रात्रीं जड, थंड हवा नेमकी तेथेंच उतरते. श्वासाची वाफ कापडावर गोठून पहांटे अंगावर ठिबकते. घोड्यावरून आणलेल्या मोठ्या कनातींत लोखंडी शेगडी पेटवितां येते. पण धुरांडें व हवेची वाट नीट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड वायूनें निजलेला माणूस उठतच नाहीं. अस्वलापुढें मात्र दोन्हीं कापडें सारखींच लेचींपेचीं. खाद्य व मांस निदान शंभर यार्ड दूर ठेवणें, हाच खरा उपाय.

मग निवड कशी करावी? पूर्वेकडील ॲपलेशियन डोंगरांत दाट झाडी, उतरती खडकाळ जमीन आणि सौम्य शरद असतांना एकट्या शिकाऱ्याला झोळी सोईची. रॉकींत ऑक्टोबरनंतर, उंचावर, बर्फाची शक्यता असतांना तंबूच घ्यावा. कारण भिजून आलेल्या माणसाला चार भिंतींआड कपडे बदलतां येतात, आणि आजारी सोबत्याजवळ दुसऱ्याला बसतां येतें. झोळींत एकालाच जागा असते.

तरीही ज्याला झोळीच न्यावयाची असेल, त्यानें आधीं घराजवळच्या झाडांना ती बांधून एक कडाक्याची रात्र काढून पाहावी. तेथें पाठ गारठली, तर घरांत जातां येतें; रानांत तशी सोय नाहीं.