सिग्नलला थोपवणारी केबल

आज बोलायचंय टेक्ट्रॉनिक्स ४५३ या ऑसिलोस्कोपबद्दल. सर्किटमधला व्होल्टेज क्षणोक्षणी कसा चढतो-उतरतो, ते पडद्यावर उजेडाच्या रेषेनं काढून दाखवणारं हे यंत्र.

टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी अमेरिकेतल्या ओरेगनची, १९४६ सालची. तिच्या स्कोपचं नाव मोठं, वजनही मोठं! १९६५च्या सुमारास आयबीएमचे सिस्टिम/३६० संगणक जागोजागी बसू लागले. कपाटाएवढा संगणक बिघडला, तर इंजिनिअरनंच तिथं जायचं. आयबीएमला हातात धरून नेता येईल असा स्कोप हवा होता, त्यातून ४५३ आला. सुमारे १४ किलोचा, ५० मेगाहर्ट्‌झपर्यंत चालणारा, एकदम दोन सिग्नल दाखवणारा. बहुतेक व्हॅक्यूम ट्यूबांच्या जागी ट्रान्झिस्टर आले, म्हणून हे जमलं. उचलायची मूठ वळवली की तिचाच स्टँड व्हायचा.

मी रमलो ते डिले लाइनमध्ये. बघा, सिग्नल आला की ट्रिगर सर्किट जागं होतं आणि पडद्यावरचा ठिपका डावीकडून उजवीकडे धावू लागतो. पण या जागं होण्यातच काही नॅनोसेकंद जातात. तोवर सिग्नलची चढती कड निघून गेलेली असते, आणि इंजिनिअरला पाहायची असते नेमकी तीच! मग करायचं काय? पडदा वर जाईपर्यंत नटाला विंगेत थोपवायचं. ट्रिगरसाठी सिग्नलचा नमुना आधी काढून घेतात आणि मूळ सिग्नल वेटोळं केलेल्या खास केबलमधून फिरवून आणतात. हीच डिले लाइन. शंभराहून थोडे जास्त नॅनोसेकंद उशीर, बास. पुन्हा सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे: ट्रिगर आधी पोचतो, सिग्नल मागून येतो, म्हणून सुरुवातही दिसते. त्याच कंपनीच्या जुन्या ५४५ मध्ये केबलऐवजी कॉइल आणि ट्रिमर कपॅसिटरांची लांबच लांब रांग असे. एकेक ट्रिमर हातानं जुळवायचा.

आजचा डिजिटल स्कोप येणारं सगळं मेमरीत टिपत राहतो, त्यामुळे ट्रिगरच्या आधीचंही आरामात दाखवतो. त्याबद्दल तक्रार नाही. मीही तोच वापरतो.

तक्रार वेगळी आहे. हे डिले लाइनचं कोडं मला कुणा प्राध्यापकांनी उलगडून दाखवलं नाही, स्कोपच्या मॅन्युअलनं दाखवलं. कुठलं सर्किट काय करतं याचं वर्णन, पूर्ण आकृत्या, कुठल्या जागी किती व्होल्टेज आणि कसली लहर दिसायला हवी, सगळं छापलेलं. यंत्र विकत घेताना ते समजून घ्यायचा हक्कही सोबत मिळायचा. आता बहुतेक उपकरणांबरोबर येतं ते कुठलं बटण कशासाठी एवढंच. आत काय चाललंय ते विचारू नका. सर्किटची आकृती गिऱ्हाइकाच्या हाती दिल्यानं टेक्ट्रॉनिक्सचा धंदा तर बुडाला नव्हता. मग आजच्यांना कसली भीती वाटते, कोण जाणे.

वेळ केव्हाच संपलीय. ट्रान्झिस्टरांबद्दल बोलायचं राहिलंच.